अगत्तीचे १२०४ मीटर, जळगावचे १७००

लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावरची धावपट्टी वाढवून तिथे जेट विमानं उतरवायच्या योजनेची बातमी छापून आली, की जळगावात एक वाद हटकून सुरू होतो. दुकानाच्या ओट्यावर, कोर्टाच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. एक जण म्हणतो, साडेसात हजार वस्तीच्या बेटाला मोठा विमानतळ मिळणार आणि ४२ लाख लोकांच्या, केळी-कापूस-डाळ-सोन्याच्या या जिल्ह्यानं मात्र आखूड धावपट्टीवर समाधान मानायचं, हा खान्देशावरचा अन्याय नाही तर काय? दुसरा उसळून उत्तर देतो, इथे एसटी वेळेवर येत नाही, सरकारी दवाखान्यात रात्री डॉक्टर सापडत नाही, विमान हवंय कोणाला? मग आवाज चढतात, कोणाचा तरी पक्ष निघतो, कोणाची तरी जात निघते आणि चहा संपतो. मी हा वाद निदान वीस वेळा ऐकला असेल. पहिला गृहस्थ धावपट्टीची लांबी मोजतो, दुसरा लोकांची गरिबी मोजतो. विमान रोज येतं का, आलं तर कोणत्या वेळेला आणि पुढच्या वर्षीही येईल का, हे दोघांपैकी एकानंही विचारलेलं मला आठवत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. जळगावच्या विमानसेवेचा आजचा अडसर धावपट्टीची लांबी हा नाही. सेवा सुरू होते आणि टिकत नाही, हा खरा अडसर आहे. निवेदनं, शिष्टमंडळं, आंदोलनाचे इशारे यांत आपली जी ताकद विस्ताराच्या मागणीवर खर्च होते, ती आधी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा हमखास विमानासाठी लागली पाहिजे. ते विमान चार-पाच वर्षं भरून वाहू लागलं की धावपट्टी वाढवा, मी विरोध करणार नाही. त्याआधी शेजारच्या शिवारातली एक बिघाही घेऊ नये.

अगत्तीचं नाव आपण घेतोच, तर अगत्ती काय आहे ते नीट पाहू. संपूर्ण लक्षद्वीपची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या गावांच्या शिवाराएवढी. त्यातलं अगत्ती चार चौरस किलोमीटरच्याही आतलं, लांबुळकं, दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं. १९८८ मध्ये तिथे विमानतळ सुरू झाला. दक्षिणेकडच्या निमुळत्या टोकावर १२०४ मीटरची धावपट्टी, दोन्ही अंगाला पाणी आणि पट्टी संपते तिथेही पाणी. सुरुवातीला छोटी डॉर्नियर विमानं, पुढे पंख्याची एटीआर विमानं. एटीआर तिथून उडतं, पण पूर्ण भार घेऊन नाही; काही आसनं रिकामी ठेवावी लागतात. बोटीनं कोचीला जायचं तर १४ ते २० तास, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की त्याचाही भरवसा नाही. अडलेली बाळंतीण, हृदयविकाराचा झटका, डोक्याला मार लागलेलं पोर, यांतलं काहीही झालं तरी दर्या ओलांडल्याशिवाय मोठं रुग्णालय नाही. त्या माणसांसाठी विमान म्हणजे आपली एसटी, आपली रेल्वे आणि आपली रुग्णवाहिका, तिन्ही एकातच.

तिथे लांबी हाच अडसर आहे हे उघड आहे, कारण रिकामं ठेवलेलं प्रत्येक आसन म्हणजे बेटावर अडकून पडलेला एक माणूस. तरीसुद्धा तिथल्या विस्ताराचा प्रश्न सोपा नाही. जमीन संपलेली असल्यानं पट्टी वाढवायची ती खाडीत आणि प्रवाळावर भराव टाकून, पलीकडच्या कल्पिट्टी नावाच्या इवल्याशा बेटाच्या दिशेनं. ज्या प्रवाळानं ते बेट घडवलं आणि आजही लाटांपासून राखलं आहे, त्याच प्रवाळावर हा भराव पडणार. बेटाखालचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर. उपसा वाढला की विहिरी खारट होतात. मग जेटमधून येणारे शेकडो पर्यटक पाणी कुठलं पिणार? बेटावरच्या आजाऱ्याला जेट हवं आहे की आजचंच विमान रोज दोनदा हवं आहे? हे प्रश्न तिथले लोक विचारतात, आणि त्यांना विकासाचे शत्रू ठरवणं हा अप्रामाणिकपणा आहे. म्हणजे जिथे लांबीची गरज सर्वांत खरी, तिथेही ‘कोणासाठी’ हा प्रश्न सुटत नाही. आणि आपण त्याच बेटाचं उदाहरण देऊन तो प्रश्न विचारणं टाळतो.

एक योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २०२४ मध्ये गोव्यातल्या एका नव्या कंपनीनं अगत्तीला विमान सुरू केलं आणि त्याच सुमारास जळगावलाही. दोन्हीकडे एटीआर ७२ याच जातीची विमानं, सत्तरेक आसनांची. जे विमान १२०४ मीटरवर थोडा भार कमी करून का होईना उतरतं आणि उडतं, त्याला जळगावचे सुमारे १७०० मीटर कमी पडतात असं म्हणता येत नाही.

आता विस्तारवाद्यांचं, म्हणजे धावपट्टी आधी वाढवा म्हणणाऱ्यांचं, सर्वांत भक्कम म्हणणं. ते इतिहासाचं आहे आणि खान्देशी माणसाच्या काळजाला भिडणारं आहे. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. जळगाव ही तेव्हा वाढती पेठ, इतकंच. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा आला. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते. रूळ आणि कापूस एकत्र आले आणि जळगाव उभं राहिलं. जिनिंग, प्रेसिंग, अडती, पेढ्या, सगळं त्या रुळांभोवती. १९०६ मध्ये जिल्हा फुटला, तेव्हा पूर्व खान्देशाचं ठाणं जळगावला आलं. धुळ्याला चाळीसगावहून शाखा मिळाली ती १९०० मध्ये, आणि ती धुळ्यात येऊन संपली. मनमाड-इंदूर मार्गासाठी धुळ्यानं किती पिढ्या वाट पाहिली! ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली ती २०२४ च्या सप्टेंबरात. तेव्हा विस्तारवादी विचारतात, एकदा मुख्य मार्गावरून बाजूला पडलं की दीडशे वर्षं भोगावं लागतं, हे धुळ्याकडे पाहून कळत नाही का? विमानाच्या बाबतीत जळगावचं धुळे होऊ द्यायचं का?

हा प्रश्न मी हलका मानत नाही. माझ्या आजोळची मंडळी धुळ्याची. आगगाडी धरायला आधी चाळीसगाव गाठायचं, ही त्या घराची सवय मी लहानपणी पाहिली आहे. पण इतिहासाचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. जळगाव रुळांच्या लांबीनं मोठं झालं का? पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी पहा. ५६ किलोमीटरचा तो अरुंद मार्ग. मोठेपणा काहीच नाही, वेग तर सायकलीशी बरोबरी करणारा. तरी शंभर वर्षं शेंदुर्णी-पहूरच्या माणसानं तिच्यावर आपला दिवस बेतला. दूधवाला, शाळेतलं पोर, पाचोऱ्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी, सगळ्यांना ती ‘पीजे’ कधी येणार ते ठाऊक असायचं. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा धावली नाही, तेव्हा त्या गावांनी हळहळ केली ती तिच्या रोज येण्यासाठी. रुळांनी जळगाव घडवलं म्हणताना आपण हे विसरतो की ते रूळ पहिल्या दिवसापासून रोज, ठरलेल्या वेळी, गरीब-श्रीमंत दोघांना आणि त्यांच्या मालाला घेऊन वाहत होते. तेव्हा आलेली गाडी दोन वर्षांत बंद पडली असती आणि आणखी पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीनं पुन्हा सुरू केली असती, तर कोणत्या व्यापाऱ्यानं इथे जिनिंग टाकली असती?

कारण विमानाचं आपल्याकडे नेमकं हेच झालं आहे. १९७३ ची ही धावपट्टी. पुढे ती नगरपालिकेकडे गेली, मग राज्याच्या विमानतळ विकास कंपनीकडे, मग भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. २०१२ मध्ये याच मातीतल्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. ती गर्दी, तो अभिमान अनेकांना आठवत असेल. त्यानंतर पाच वर्षं तिथे नियमित प्रवासी विमान आलं नाही. २०१७ च्या डिसेंबरात छोटी शहरं विमानानं जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत छोटं विमान सुरू झालं आणि काही महिन्यांत थांबलं. २०१९ च्या सप्टेंबरात दुसऱ्या कंपनीचं एटीआर आलं, ते २०२२ मध्ये बंद पडलं. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा आरंभ. तीन वेळा फुलांच्या माळा, तीन वेळा पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी. यांतलं एक तरी विमान धावपट्टी आखूड पडली म्हणून बंद झालं का? नाही. पहिल्याला मुंबईत उतरायला धड वेळ मिळेना. दुसऱ्याची कंपनीच आर्थिक गाळात रुतली. पट्टी अडीच हजार मीटर असती तरी दोन्ही बंदच पडली असती.

महाराष्ट्रात याचे पुरावे शेजारीपाजारीच आहेत. नाशिकच्या ओझरची धावपट्टी ३००० मीटरची, लढाऊ विमानांच्या कारखान्याची. तिथे २०१४ मध्ये प्रवासी इमारतही झाली, आणि नियमित सेवेसाठी नाशिककरांना पुढची तीन-चार वर्षं वाट पाहावी लागली. नाशिक तर आपल्यापेक्षा कितीतरी मोठं, कारखान्यांचं शहर. गोंदियाजवळची बिरसीची पट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली, आज २३०० मीटर. तिथून प्रवासी सेवा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. सिंधुदुर्गातल्या चिपीला २५०० मीटरची नवी कोरी पट्टी. २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं आणि तीन वर्षांची मुदत सरताच ते थांबलं. शिर्डीचीही पट्टी २५०० मीटरच. तिथे प्रवासी तुडुंब, कारण साईबाबांचा भक्त देशभरातून येतो. पण २०१९ च्या नोव्हेंबरात दृश्यमानता कमी झाली, अशा हवेत विमान उतरवणारी साधनं नव्हती, आणि जवळजवळ महिनाभर सगळी उड्डाणं बंद राहिली. अडीच किलोमीटरची पट्टी उन्हात पसरलेली आणि आकाशात विमान नाही.

याच्या उलट कोल्हापूर. राजाराम महाराजांच्या काळात १९३९ मध्ये सुरू झालेला तो विमानतळ. ‘उडान’मध्ये तिथली सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा पट्टी होती १३७० मीटरची, जळगावपेक्षा तीनशे मीटरनं तोकडी. त्या पट्टीवर एटीआर आली, हैदराबाद, बंगळूर, तिरुपती अशी जोडली गेली, भरून जाऊ लागली. लोकांना विमानाची सवय लागली, व्यापाऱ्यानं आपले दौरे त्यावर बेतले आणि मग पट्टी वाढली. कोल्हापूरकरांच्या हातात विस्तार मागताना भरलेल्या विमानांचे आकडे होते. आपल्या हातात काय आहे? उद्घाटनांची छायाचित्रं.

जगातल्या बेटांकडेच पाहायचं, तर दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना घ्या. नेपोलियनला कैदेत ठेवलं होतं ते. चार-साडेचार हजारांची वस्ती, बाहेर जायचं तर दिवसेंदिवस बोटीत. ब्रिटिश सरकारनं साडेअठ्ठावीस कोटी पौंड खर्चून तिथे विमानतळ बांधला. २०१६ मध्ये तो तयार झाला आणि मग कळलं की कड्यावरच्या त्या पट्टीपाशी वारा अचानक दिशा आणि वेग बदलतो. नियमित विमान उतरायला २०१७ चा ऑक्टोबर लागला, तेही ठरवलेल्यापेक्षा लहान विमान. सगळा वाद बांधायचं की नाही यावर झाला होता, वाऱ्याचा अभ्यास मागे पडला होता.

विस्ताराच्या बाजूचं दुसरं सबळ म्हणणं आपल्या उन्हाचं आहे, आणि ते शास्त्राला धरून आहे. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उणावतो, म्हणून तेवढंच वजन उचलायला विमानाला जास्त धावावं लागतं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. कोचीच्या किनाऱ्यावर जे १४०० मीटरमध्ये जमतं, त्याला आपल्याकडे भर दुपारी जास्त जागा लागेल. मान्य. पण ती भर दुपार आहे. मेमधल्या पहाटे सहा-सातला हीच हवा बरीच निवलेली असते आणि दिवेलागणीनंतर पुन्हा निवू लागते. शेतकरी उन्हाळ्यात केळीला पाणी कधी देतो? बाजारात माल केव्हा उतरवतो? खान्देशात उन्हाळ्याचं काम सकाळ-संध्याकाळ उरकायचं असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि मुंबईला कामासाठी जाणाऱ्यालाही विमान त्याच वेळी हवं असतं. सकाळी जाऊन रात्री घरी. दुपारी अडीचचं विमान उन्हाच्या दृष्टीनंही वाईट आणि प्रवाशाच्या दृष्टीनंही निरुपयोगी. मग आपल्याला अशा अवेळा का मिळतात? कारण मुंबईच्या विमानतळावर सकाळ-संध्याकाळची जागा मिळत नाही.

इथे विस्तारवाद्यांचा तिसरा मुद्दा येतो, तो सर्वांत चलाख आहे. मुंबईत जागा इतकी दुर्मीळ आहे की कोणतीही कंपनी ती सत्तर आसनांच्या विमानाला देण्याऐवजी १८० आसनांच्या जेटला देणार. म्हणून जळगावला जेट उतरेल एवढी पट्टी करा, जागा आपोआप मिळेल. ऐकायला पटतं. पण १८० आसनं रोज भरायला आज आपल्याकडे प्रवासी आहेत का? नसले तर कंपनी काय करील? आठवड्यातून तीन दिवस विमान आणील. मंगळवारी गेलेला माणूस गुरुवारी परतेल. त्यापेक्षा विदर्भ एक्स्प्रेस बरी. सत्तर आसनांचं विमान दिवसातून दोनदा आलं, तर आसनं होतात १४० आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. कमी आसनांत जास्त उपयोग. जागेच्या टंचाईवरचा उपाय जळगावात नाहीच, तो मुंबईत आहे. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन होऊन डिसेंबरात सुरू झाला आहे. तिथल्या वेळा अजून वाटल्या जात आहेत. जळगाव, नांदेड, लातूर, गोंदिया, कोल्हापूर, सिंधुदुर्ग अशा राज्यातल्या शहरांसाठी तिथे सकाळच्या आणि संध्याकाळच्या काही वेळा राखून ठेवा, ही मागणी आज केली तर तिला अर्थ आहे. पाच वर्षांनी तिथेही जागा उरणार नाही आणि मग आपण आपल्या लांबलचक पट्टीकडे पाहत बसू.

‘उडान’चं गणितही लोकांना उघड सांगायला हवं. ठरावीक आसनं सवलतीच्या भाड्यात, त्यातला तोटा तीन वर्षं सरकार भरून देणार, त्यात थोडा वाटा राज्याचा, आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसरी कंपनी येणार नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात या योजनेचा हिशेब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ती ११२ मार्गांनी. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. हे आकडे वाचून मला योजना वाईट वाटली नाही, वाईट वाटलं ते आपल्या लोकप्रतिनिधींचं लक्ष कुठे आहे याचं. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपल्या मार्गाचं काय होणार? केंद्राचा हात सुटला की राज्य दोन वर्षं तरी तो तोटा भरील का? हे विचारणारी एक सभा जळगावात व्हायला हवी होती. ती मुदत संपल्यावर घ्यायची नसते, वर्षभर आधी घ्यायची असते.

आणि केळी. विस्ताराच्या प्रत्येक भाषणात केळी येते, म्हणून यावर थांबून बोललंच पाहिजे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातली मृगबाग आणि कांदेबाग या दोन हंगामांच्या बागा, ठिबक, टिश्यू कल्चरची रोपं, यांवर इथल्या शेतकऱ्यानं जे कष्ट केले आहेत ते थोर आहेत. पण ही केळी विमानानं जाणार, हे त्याला सांगणं म्हणजे त्याची फसवणूक आहे. केळी वजनदार, किलोमागे भाव थोडा. एका शीतकंटेनरात वीसेक टन केळी बसते आणि ती न्हावाशेवा बंदरातून आखाताकडे जाते. उत्तरेकडची केळी सावदा, रावेर, निंभोऱ्याहून रेल्वेनं आणि ट्रकनं जाते. एटीआरच्या पोटात प्रवाशांच्या सामानासकट माल बसणार तो टना-दोन टनांच्या हिशेबात. जेटमध्ये थोडा जास्त. केळीच्या एका कंटेनरासाठी किती विमानं लागतील? आणि विमानाचं किलोमागचं भाडं केळीच्या भावाला कसं झेपेल? केळीवाल्याला हवंय ते वेगळंच. काढणीनंतर मालाला लागलीच थंडावा, शेताजवळ पॅकहाउस, वेळेवर रेल्वेची मालगाडी, गडगडलेल्या भावात बागवान उभा राहील अशी व्यवस्था, वादळात बाग आडवी झाल्यावर विम्याचा पैसा. विमानानं जाऊ शकतं ते आपलं सोनं, थोडी औषधं, बियाणं, कलमं. त्यांना १७०० मीटर पुष्कळ झाले. केळीच्या नावानं पट्टी लांबवायची आणि त्यासाठी केळी किंवा कापूस पिकवणाऱ्याचीच जमीन घ्यायची, हे मला सहन होत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे. ‘आमले इमान नको भाऊ, येळवर यष्टी दे,’ हे वाक्य मी अहिराणीत ऐकलं तेव्हा मला त्यातलं दुःख कळलं. एसटी आणि विमान यांची किंमत सारखी नाही, आणि निवडायचीच वेळ आली तर मी एसटीच निवडीन. पण ही निवड आपल्यासमोर ठेवली कोणी? विमान बंद पडलं म्हणून एका तरी आगारात नवी गाडी आली का? गेल्या वीस वर्षांत जिल्ह्यातली शिकलेली मुलं पुण्या-हैदराबादला गेली. त्यांचे आईबाप इथे म्हातारे होत आहेत. चार तासांत घरी पोहोचता येणं आणि चौदा तासांनी पोहोचणं यात कधीकधी अखेरची भेट होणं न होणं असतं. हे श्रीमंतीचे लाड नव्हेत.

माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. भाचीची नोकरीची मुलाखत दुसऱ्या शहरात होती. बहिणीनं, जिनं आयुष्यात विमान पाहिलं नव्हतं, हौसेनं तिकीट काढलं. आम्ही सगळे सोडायला गेलो. उड्डाणाला दोन तास असताना निरोप आला, आजचं विमान रद्द. कारण विचारलं तर धड उत्तर नाही. पैसे परत मिळाले, पण मुलाखत गेली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सची जागा शोधत फिरताना बहीण म्हणाली, ‘दादा, आपण गाडीनंच पाठवायला हवं होतं, आपली चूक झाली.’ तिची काहीही चूक नव्हती. पण त्यानंतर आमच्या घरातून कोणी विमानाचं तिकीट काढलं नाही, आणि अशी घरं जिल्ह्यात शेकड्यांनी असतील. एक रद्द झालेलं विमान पुढच्या दहा विमानांचे प्रवासी घेऊन जातं. मग कंपनी म्हणते, जळगावला प्रतिसाद नाही.

म्हणून मागण्या करायच्या तर अशा कराव्यात. नवी मुंबईत राखीव वेळा. तीन वर्षांनंतरच्या तोट्यासाठी राज्याची लेखी हमी. विमान रद्द झालं तर त्याच दिवशी रेल्वेनं किंवा बसनं पोहोचवण्याची कंपनीवर सक्ती. खराब हवेत उतरवणारी साधनं शिर्डीसारखी फजिती होण्याआधी. विमानाच्या वेळेशी जुळणारी एसटी, एक भुसावळहून, एक धुळ्याहून आणि एक अजिंठ्याला. अजिंठ्याची लेणी जळगावहून साठेक किलोमीटर, विमानतळ त्याच रस्त्यावर, आणि जगभरचा प्रवासी मात्र शंभर किलोमीटरवरच्या संभाजीनगरला उतरतो. याला पट्टीची लांबी हे एक कारण असेल, पण उतरल्यावर बाहेर बस नसणं आणि वर्षानुवर्षं खोदून ठेवलेला तो रस्ता ही कारणं माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

आणि ज्यांना अगत्तीचं उदाहरण द्यायचंच आहे, त्यांना माझं एक सांगणं आहे. खान्देशातही बेटं आहेत. सरदार सरोवराचं पाणी नर्मदेच्या खोऱ्यात मागे सरकलं आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगाव तालुक्यांतले सातपुड्याचे पाडे डोंगरांच्या टोकांवर उरले. मणिबेली, चिमलखेडी आणि त्यांच्या शेजारच्या वस्त्या. तिथे तरंगता दवाखाना जातो, बोटीतून. पावसाळ्यात बाळंतीण झोळीत घालून डोंगर चढवतात. २०२१ च्या जुलैत शिरपूरहून उडालेलं प्रशिक्षणाचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले. जखमी प्रशिक्षणार्थी मुलीला तिथल्या आदिवासींनी बांबूला साडी बांधून, त्या झोळीत घालून चिखलातून खाली आणलं. त्यांना झोळी करायला कोणी शिकवावं लागलं नाही, कारण आपली माणसं ते तशीच नेत आले आहेत. आकाशातून पडलेल्या मुलीला वाचवायला जी झोळी धावली, ती बांधणाऱ्यांच्या आजाऱ्यासाठी आकाशातून काही येत नाही.

धडगाव आणि मोलगीच्या रुग्णालयांशेजारी रात्रीही वापरता येईल असा हेलिपॅड, आणि जळगाव किंवा नाशिकला सदैव सज्ज असं एक रुग्णवाहू हेलिकॉप्टर. धावपट्टीच्या हजार मीटर विस्तारासाठी जमीन, भराव आणि डांबर यांत जे जाईल, त्यातल्या थोड्या भागात हे सुरू होऊ शकतं. विमानतळाबद्दलची जी जी निवेदनं माझ्या हाती आली त्यांत ही ओळ मला अजून दिसलेली नाही. पुढच्या निवेदनात ती सर्वांत वर लिहा. त्याखाली सही करायला मी येईन, आणि वादात माझ्यासमोर बसणाऱ्या दोघांनाही सोबत आणीन.